स्कूटर भंगारात जाणार नाही, व्याहीबुवा

आदरणीय व्याहीबुवा यांना, साष्टांग सोडून बाकी सर्व प्रकारचे नमस्कार.

साष्टांगाचा आग्रह धरू नये, कारण स्टार्टर मोटर काढताना जी कंबर वाकली ती अजून पुरती सरळ व्हायची आहे. उजव्या हाताच्या बोटांना पट्ट्या आहेत, त्यामुळे अक्षर माझं वाटणार नाही. मजकूर मात्र वाचताक्षणी ओळखाल. इकडे आम्ही सर्व ठीक. आपली प्रकृती कशी आहे असं विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो, उत्तर तुमच्या लेकीकडून, म्हणजे आमच्या सूनबाईकडून, आधीच मिळालेलं आहे. रक्तदाब चांगला, साखर चांगली, झोप चांगली आणि घराबाहेर पाऊल नाही. डॉक्टर खूश आहेत म्हणे. डॉक्टरांचं काय जातंय खूश व्हायला! त्यांनी रक्त तपासलं, माणूस कुठे तपासला? फोन केला की तुम्ही ‘बरं आहे, ठेवतो’ म्हणून ठेवून देता, म्हणून हे पत्र. पत्र मधेच ठेवता येत नाही. (ठेवलंत तरी ते टेबलावर पडून तुमच्याकडे बघत राहील, आणि तुमच्याकडे आता टेबलावर दुसरं काही उरलेलं नाही हे मला माहीत आहे.)

कारण तुम्ही सगळं वाटून टाकलंत. विहीणबाई गेल्यावर तलावाकाठचं घर सोडलंत, त्या उंच इमारतीत वरच्या मजल्यावर जाऊन बसलात, इथवर मी समजू शकतो. पण मग आरामखुर्ची शेजाऱ्यांना, दुर्बीण भाच्याला, मासेमारीचे गळ पहारेकऱ्याला, आणि तलावात पाण्यावर चालवायची ती जुनी स्कूटर मला! सोबत निरोप काय, तर ‘तुम्हाला काहीतरी उद्योग होईल.’ त्या वेळी मी आभार मानले. नंतर घरी येऊन विचार केला, तेव्हा डोकं फिरलं. हा माणूस सामान कमी करत नाहीये, हा एकेक दोर कापतोय. आणि त्यातला शेवटचा दोर माझ्याच हातून कापून घेतोय. व्याहीबुवा, स्पष्ट लिहितो, मला तुमचा भयंकर राग आला. अजून आहे. त्या रागाच्या भरातच मी ठरवलं की ही स्कूटर सुरू करायची, पाण्यात घालायची आणि तुम्हाला दाखवायची. मग तुम्ही फोनवर म्हणालात की ती आता होत नसेल सुरू, संपलं तिचं, भंगारात देऊन टाका. त्यावर मी म्हणालो होतो की तुम्ही मला बंद पडलेलं यंत्र दिलंत. ते वाक्य मी मागे घेत नाही. पुढे वाचून तुम्हाला वाटेल की घ्यायला हवं. वाटू द्या.

आता सुरुवातीपासून सांगतो. ट्रॉलीवरून स्कूटर आमच्या अंगणात उतरली तेव्हा मी चष्मा पुसून तिची अवस्था बघितली. बाहेरचा रंग उडालेला, सीट उचलून आत बघावं तर इंजिनावर पांढरी बुरशी धरल्यासारखा क्षार. तुम्हाला ठाऊकच आहे की माझी सगळी नोकरी रंगाच्या कारखान्यात, तपासणी विभागात गेली. रंग लावलेला पत्रा वाकवायचा, ठोकायचा, पाण्यात बुडवून ठेवायचा आणि पोपडा निघतो का बघायचं, हे माझं काम. असा माणूस गंजकं इंजिन नुसतं बघत बसेल का? मी आधी तिला रंगवायला घेतलं. (आमच्या सौ. म्हणतात की मी निवृत्त झाल्यापासून या घरात ब्रश लागला नाही अशी वस्तू फक्त त्याच आहेत, आणि त्यासुद्धा माझ्याकडे पाठ करून झोपत नाहीत.) सगळ्या वायरी सोडवल्या, इंजिन घासून लख्ख केलं, अस्तराचा हात दिला, वर राखाडी एनॅमलचे दोन हात. बोल्टांची भोकं, बोल्टांचे आटे, काही म्हणून सोडलं नाही. वायरींच्या टोकांची तांब्याची कडी लिंबू लावून चकचकीत केली आणि सगळं जिथल्या तिथे बसवलं. शेजारचे लोक येऊन बघून गेले. तसं इंजिन नवीन असतानासुद्धा दिसलं नसेल.

मग बटण दाबलं. काही नाही. आवाज नाही, धूर नाही, उचकीसुद्धा नाही. आधी वाटलं बॅटरी. काढून चार्जिंगला लावली, ती रात्रभर स्वयंपाकघरात ओट्याखाली गुरगुरत राहिली आणि सकाळी पूर्ण भरली. पुन्हा बटण, पुन्हा शांतता. मग सूनबाईने आठवण करून दिली की हँडलजवळच्या खुंटीवर ती लाल दोरीची क्लिप अडकवल्याशिवाय हे यंत्र जिवंतच होत नाही. दोरीचं दुसरं टोक मनगटाला बांधायचं, म्हणजे माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि स्कूटर त्याला टाकून पुढे पळून जात नाही. उत्तम सोय आहे. मी दोरी मनगटाला बांधली, क्लिप अडकवली, आणि एक छोटा पीं असा आवाज आला. घरात आनंदीआनंद. तेवढ्यात फाटक वाजलं म्हणून मी उघडायला गेलो. दोरी अर्थातच माझ्याबरोबर आली, क्लिपही आली, हे माझ्या लक्षात आलं नाही. परत येऊन दुपारपर्यंत मी फ्यूज तपासत बसलो. सगळे फ्यूज धडधाकट होते. क्लिप मनगटाला लोंबकळत होती आणि जेवायला बसलो तेव्हा वाटीत पडली.

क्लिप जागेवर गेल्यावर प्रगती झाली. बटण दाबलं की ‘टक’ व्हायला लागलं. नुसतं एक टक. व्याहीबुवा, त्या टकने माझं काय केलं ते तुम्हाला कळायचं नाही. एखादा माणूस काहीच बोलत नसेल तर आपण समजू शकतो की तो झोपला असेल. पण दर वेळी हाक मारल्यावर जो फक्त ‘हं’ म्हणतो आणि जागचा हलत नाही, त्याचं काय करायचं? (इथे मी कोणाचं नाव घेतलेलं नाही.) चिरंजीव म्हणाले, बाबा, सोडा नाद. शेजारचे निवृत्त हवालदार म्हणाले, भंगारवाला गुरुवारी येतो, त्याला थांबवू का? सौ. तर वाळत घालायचे कपडे स्कूटरच्या हँडलवर घालायला लागल्या. म्हणजे त्यांच्या लेखी वस्तूचा निकाल लागला होता. मी कपडे काढले, घडी केली, आत नेऊन ठेवले आणि जाहीर केलं की या अंगणातून ही स्कूटर जाईल तर फक्त पाण्याकडे जाईल.

टक हा आवाज रिलेचा असतो, हे मला आमच्या बाजाराच्या कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने सांगितलं. तुम्ही बटण दाबता तेव्हा बटणाची एवढीशी वीज रिलेला जागं करते, आणि रिले बॅटरीची मोठी वीज स्टार्टर मोटरकडे सोडतो. टक होतंय म्हणजे रिले जागा आहे, मोटर फिरत नाही म्हणजे मोटर गेली असेल. हे सांगताना तो दुसऱ्याच कोणाच्या गाडीचा हॉर्न दुरुस्त करत होता, त्यामुळे दर दोन शब्दांनंतर भोंगा वाजत होता, आणि माझ्या प्रश्नांनाही त्याने काही वेळा भोंग्यानेच उत्तर दिलं. मोटर काढून आणा म्हणाला. काढून आणा! मोटर दोन बोल्टांवर बसलेली असते, त्यातला एक दिसतो आणि दुसरा नुसता जाणवतो. दुसऱ्यासाठी मी यंत्राच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून, गाल सीटच्या कडेला टेकवून, डोळे मिटून काम केलं. पाना सटकला तेव्हा बोटं सोलली. मी जे शब्द उच्चारले ते ऐकून हवालदारांनी त्यांची खिडकी लावून घेतली, आणि हवालदारांनी आयुष्यात काय काय ऐकलं असेल याची तुम्हीच कल्पना करा.

मोटर घेऊन गेलो. त्याने टेबलावर ठेवली, बॅटरीचे दातेरी चिमटे लावले, आणि मोटर अशी काही उसळली की टेबलावरून उडी मारून त्याच्या जेवणाच्या डब्यावर पडली. मोटर ठणठणीत, डब्याचा चेंदामेंदा. घरी आणून परत बसवली, तोच अदृश्य बोल्ट, तीच बोटं. बटण दाबलं. टक.

त्या दिवशी संध्याकाळी, खरं सांगतो, मी अंगणात पायरीवर बसून राहिलो आणि मला वाटलं की व्याहीबुवांचंच बरोबर असेल. काही गोष्टी संपतात. बॅटरी भरलेली, फ्यूज बरे, रिले जागा, मोटर तगडी, एकेक तपासावं तर कोणातच खोट नाही, आणि तरी सगळे मिळून जागचे हलत नाहीत. मग मला आठवलं की तुमच्या लेकीने दर रविवारी तुम्हाला फोन करून सांगितलं आहे, बाबा, चला ना, थोडं तलावापर्यंत जाऊन येऊ, आणि दर रविवारी तुम्ही ‘बघू’ म्हणाला आहात. ती फोन ठेवते आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासायला काढते, घासलेलीच. तुम्हाला ते कोणी सांगितलं नसेल. मी सांगतो. मग मला पुन्हा राग आला आणि मी उठलो. राग ही फार उपयोगी वस्तू आहे, तुम्हीसुद्धा थोडा वापरून बघा.

दुसऱ्या दिवशी सूनबाईला सुट्टी होती. ती पदर खोचून, म्हणजे ओढणी कमरेला बांधून, वीज मोजायचा मल्टिमीटर घेऊन बसली. (लहानपणी तुमच्याबरोबर धक्क्यावर बसून ती हेच करायची म्हणे, पण आमच्या घरी आल्यापासून तिला कोणी विचारलं नव्हतं, आणि मी विचारलं असतं तर मला माझा हात यंत्राबाहेर काढावा लागला असता.) मीटरची लाल तार तिने बॅटरीच्या प्लसवर धरली, काळी इंजिनावर. मीटरमध्ये शून्य. मी म्हणालो मीटर बिघडलाय, मलाही तो हेच दाखवत होता, मी त्याला दोनदा आपटूनही बघितलं. तिने काळी तार इंजिनावरून उचलून अर्थिंगच्या वायरीच्या टोकाला, त्या मी चकचकीत केलेल्या तांब्याच्या कड्याला लावली. बारा! पूर्ण बारा व्होल्ट. तार पुन्हा इंजिनावर, कड्यापासून बोटभर अंतरावर. शून्य. तिने केसातली पिन काढून इंजिनावर एक ओरखडा काढला आणि त्यात तार टेकवली. तरीही शून्य. मग ती माझ्याकडे बघून विचारायला लागली, बाबा, ही वायर परत लावताना तुम्ही खालचा रंग खरवडला होतात ना?

व्याहीबुवा, वीज बॅटरीतून निघून मोटरीत जाते, मोटरीतून इंजिनाच्या धातूत उतरते आणि या अर्थिंगच्या वायरीवाटे बॅटरीकडे परत येते. परत यायची वाट नसेल तर ती निघतच नाही. आणि ती वाट माझ्या दोन हात राखाडी एनॅमलने, खाली अस्तरासकट, बंद केलेली होती. बोल्टाच्या आट्यांमधून चोरवाट निघाली असती, तर तीही मी सोडली नव्हती. दुसऱ्या कोणी रंगवलं असतं तर कुठेतरी पोपडा निघाला असता, कुठेतरी ब्रश चुकला असता आणि यंत्र पहिल्या दिवशी सुरू झालं असतं. माझा रंग मात्र असा बसला की त्यातून वीजसुद्धा आरपार जाऊ शकली नाही. कारखान्यातल्या कोणत्याही तपासणीत याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही. हे मी घरात मोठ्याने सांगितलं. घरात जे हसणं सुरू झालं ते अभिमानाचं होतं असं मी धरून चाललो आहे. तुम्ही दिलंत तेव्हा यंत्र चालू होतं, ही आता सिद्ध झालेली गोष्ट मी फक्त माहितीसाठी कळवतो. ही माफी नाही. बॅटरी तुम्ही उतरलेलीच पाठवली होती, तेवढं पुरेसं आहे मला.

मग रंग खरवडायचा प्रश्न आला. माझा हात उठेना. सूनबाई पातं घेऊन बसली, मी तोंड फिरवून फाटकाकडे बघत राहिलो. पातं तुटलं. (लिहून ठेवा, पातं तुटलं, रंग नाही.) शेवटी पॉलिश पेपरने नाण्याएवढी जागा उघडी झाली, खाली धातू चमकला, वायर आवळली. इंजिन गार ठेवायला बागेचा पाइप जोडला, सौ. नळापाशी उभ्या राहिल्या. इलेक्ट्रिशियनने बजावलं होतं की आधी इंजिन, मग पाणी. उलटं केलंत तर पाणी इंजिनाच्या पोटात जाईल. मी क्लिप अडकवली. फाटक वाजलं तरी मी जागचा हलणार नव्हतो. बटण दाबलं आणि इंजिन घुमलं! खोकलं, थुंकलं, निळा धूर सोडला आणि मग अशी आरोळी ठोकली की हवालदार बनियनवर बाहेर आले. सौ.नी आनंदाच्या भरात नळाऐवजी स्वतःचे कान धरले, मग नळ सोडला. सूनबाई इतकी हसत होती की तिला डोळे पुसावे लागले, आणि मग ती हसत नव्हती, नुसते डोळे पुसत होती. मी इंजिन बंद केलं.

तर व्याहीबुवा, कळवायचं ते हे. यंत्र संपलेलं नाही. भंगारवाला गुरुवारी आला आणि रिकाम्या हाताने गेला. येत्या रविवारी सकाळी मी स्कूटर तलावावर नेतो आहे, जुन्या धक्क्यावरून पाण्यात उतरवतो आहे आणि पलीकडच्या काठापर्यंत जाऊन येतो आहे. तुम्ही यायची काहीच गरज नाही. खुशाल घरात बसा, रक्तदाब सांभाळा. तुमच्यावाचून माझं काही अडलेलं नाही. फोटो पाठवू.

कळावे, लोभ असो वा नसो, रंग पक्का आहे.

आपला,
तुमच्या लेकीचा सासरा

ता. क. हे यंत्र पाण्यात असताना त्यावर बाजूने चढायचं की मागून? सूनबाई म्हणते मागून. चिरंजीव म्हणतात, धक्क्यावरून उडी मारा. उलट टपाली कळवावे, म्हणजे रविवारच्या आधी कळेल.

आणखी ता. क. इलेक्ट्रिशियन आता नवीनच सांगतो आहे. याला ब्रेक नाही, आणि घाबरून वेग सोडला तर हँडल कितीही वळवलं तरी हे वळत नाही, सरळच जातं. म्हणजे काठ समोर दिसला की वेग वाढवायचा? हे खरं असेल तर असली वस्तू तुम्ही इतकी वर्षं चालवलीत कशी, आणि मला कोणत्या भरवशावर दिलीत?

आणखी एक ता. क. सौ. शेजारी बसून पत्र वाचताहेत आणि म्हणताहेत की खरं ते लिहा. लिहितो. मला पोहता येत नाही. गुडघ्यापेक्षा जास्त पाण्यात मी कधी गेलेलो नाही, तेही नळ फुटला होता तेव्हा. हे वाहन मी चालवू शकत नाही, चालवणार नाही, आणि चालवायचं माझ्या मनात कधीही नव्हतं.

शेवटची ता. क. चालवायला तुम्ही बसा. मागच्या सीटवर विहीणबाई बसायच्या, हे मला माहीत आहे. ती जागा मोकळी ठेवून तुम्ही पाण्यात जाणार नाही, हेही माहीत आहे. म्हणून मागे मी बसतो. वजन दुप्पट भरेल, आरडाओरडा चौपट होईल, आणि मी तुम्हाला कमरेला घट्ट धरणार आहे, त्याची दोघांपैकी कोणी लाज बाळगायची नाही. रविवारी सकाळी तुमची लेक गाडी घेऊन इमारतीखाली उभी असेल. ती वर येणार नाही, हॉर्नही वाजवणार नाही, नुसती उभी राहील. तेवढा जिना उतरा.